शैलाआत्याचं डावं-उजवं

रोज सकाळी सव्वानऊला शैलाआत्या पार्किंगमध्ये स्कूटरशेजारी उभी राहून ऑफिसपर्यंतचा सगळा रस्ता मोठ्याने म्हणायची. हेल्मेट घालून, काच वर करून, डोळे मिटून. "फाटकातून डावं, शाळेची रिक्षा. चौकात उजवं, गॅरेजपाशी रस्त्यावर ऑइल. सरळ. दगडूशेठपाशी माणसं आडवी येतात, ब्रेकवर हात." शेवटपर्यंत म्हणून झाल्याशिवाय ती किल्ली फिरवायची नाही. तळमजल्यावरच्या विमलाबाई कुंड्यांना पाणी घालता घालता विचारायच्या, "शैलाताई, पोचलात का हो ऑफिसला? की निघायचंय अजून?"

आत्या डोळे न उघडता सांगायची, "मंगळवार पेठेत आलेय. थांबा जरा."

आत्या घाबरट होती. हे मी तिची थट्टा म्हणून लिहीत नाही, ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. गॅसचा वास नसताना तिला वास यायचा. लिफ्टमध्ये ती एकटी चढायची नाही. स्वारगेटचा चौक पायी ओलांडायचा म्हटलं की माझं मनगट इतकं घट्ट धरायची, की पलीकडे गेल्यावर बोटांचे वळ दिसायचे. मी वर्ध्याहून एम. ए. करायला पुण्यात आले आणि सदाशिव पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत राहू लागले, तेव्हा पहिल्या आठवड्यात तिने मला घरातली सगळी बटणं, कड्या आणि झुरळांच्या जागा दाखवल्या. आणि शनिवारी पहाटे हातात वेगळंच हेल्मेट घेऊन ती म्हणाली, "दीक्षा, मी उद्या रात्री येईन. रॅली आहे."

मला वाटलं, मोर्चाला चालली असेल. आमच्या घरात रॅली म्हणजे निळा झेंडा आणि घोषणा. आत्याची रॅली गाड्यांची होती.

त्या खेळात रस्ता बंद करतात आणि त्यावर एकेक गाडी एकटीच सोडतात. जी कमी वेळात पोचेल ती जिंकली. ड्रायव्हरला पुढचं वळण दिसत नसतं, दिसेपर्यंत थांबायला वेळही नसतो. म्हणून शेजारी एक माणूस वही घेऊन बसतो आणि येणारं प्रत्येक वळण आधी वाचून दाखवतो. डावं की उजवं, किती तीव्र, पुढे किती मीटर सरळ. ड्रायव्हर डोळ्यांपेक्षा त्या आवाजावर गाडी सोडतो. आत्या अकरा वर्षं तो आवाज होती.

ती पाटबंधारे खात्यात अनुरेखक होती. कालव्यांचे नकाशे काढायची. साइटवर जीपने जावं लागे, आणि भीतीपोटी ती जीपच्या ड्रायव्हरला, पोपटरावांना, पुढचा रस्ता सतत सांगत राहायची. पोपटराव वैतागायचे. पण त्यांचा मुलगा अभय गॅरेज चालवता चालवता रॅलीत उतरला आणि त्याच्याशेजारी बसायला कोणी टिकेना, तेव्हा तेच म्हणाले, "आमच्या ऑफिसातल्या बाईंना विचार. गेली वीस वर्षं माझं डोकं खातात, पण एकदा खड्डा चुकला नाही."

"तुला भीती नाही वाटत?" मी आत्याला विचारलं होतं.

"वाटते की. ड्रायव्हरने घाबरून चालत नाही गं. त्याच्या वाटचं घाबरायला शेजारी कोणीतरी लागतं. मला तेवढं एकच येतं."

तिच्या वहीतली वळणं पूर्वी इंग्रजीत असायची, सगळे तसंच वाचतात. लेफ्ट थ्री, राइट फाइव्ह. आकडा जितका लहान तितकं वळण वाईट. एकदा सरावात अभयला नीट ऐकू आलं नाही. त्याने विचारलं, "लेफ्ट टू?" आत्या म्हणाली, "राइट." म्हणजे, बरोबर. अभयने गाडी उजवीकडे घातली आणि दोघं कुणाच्या तरी ज्वारीत जाऊन उभे राहिले. कोणाला खरचटलंही नाही. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर आत्याने तीन वेळा हात धुतले.

मीच तिला म्हणाले, "आपल्या भाषेत वाच ना मग. डावं म्हणजे डावं, उजवं म्हणजे उजवं. त्यात घोळ नाही."

तिने रात्रीत सगळी वही मराठीत उतरवली. अभय मराठी शाळेतला, त्याला ते फारच आवडलं. "ताई, आता कसं, मेंदूतून डायरेक्ट हातात येतं," म्हणाला. मला माझाच अभिमान वाटला होता.

यंदा जानेवारीत शुभंकर नावाचा एक गृहस्थ अभयच्या गॅरेजवर आला. चाकणकडे त्याचा कारखाना होता, आणि गाड्यांचं वेड. त्याच्याकडे दोन गाड्या होत्या, एक लाल लान्सर इव्हो आणि एक परदेशातून आणवलेली निळी सुबारू. ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही कळत नव्हतं: या दोन गाड्या म्हणजे दोन घराणी. दोन्ही दिसायला चार दारांच्या घरगुती गाड्या, पण दोघींचा जन्म रॅलीसाठीचा. दोन्हींना इंजिनाला जादा जोर देणारा टर्बो, दोन्हींची चारही चाकं ओढतात, दोन्हींच्या पाठीवर तो पंख. वर्षानुवर्षं एकमेकींशी लढल्या आणि आता दोन्ही बनायच्या बंद झाल्या. तरी जगभर माणसं अजून भांडतात, कुठली चांगली म्हणून. शुभंकरला दोन्हींतली एक ठेवायची होती. जी ठेवेल, ती पुढच्या मोसमात अभय आणि आत्या चालवणार होते.

गॅरेजवर महिनाभर तेच भांडण चाललं. मी आत्याला डबा द्यायला गेले की ऐकायचे. कोंडीराम म्हणून म्हातारे मिस्त्री होते, मुळशीकडचे. ते इव्होच्या बाजूचे.

"ती लाल हाय ना, ती मास्तर हाय. तुमी चुकला तरी गणित ती सोडवती. मागच्या कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा, तिचं तीच ठरवती."

"मग अभयची गरज काय?" सुबारूच्या बाजूचा अभिनव म्हणाला. तो तिथे वायरिंग करायचा. "हिचं इंजिन बघा की. पाट्यासारखं आडवं झोपलंय. सगळं वजन खाली. वळणात बसकण मारते ती."

"झोपलंय म्हनूनच घोरतंय," कोंडीराम म्हणाले.

ते खरं होतं. सुबारूचा आवाज इतर गाड्यांसारखा सलग नव्हता. लंगडत धावणाऱ्या घोड्यासारखा, घुडघुड, घुडघुड. इव्होचा आवाज ताणलेला, चिडका. लांबूनही कुठली येतेय ते मला ओळखता येऊ लागलं. त्याचा पुढे फार उपयोग झाला नाही.

आत्या या भांडणात बोलायची नाही. तिचा निवाडा तिच्या वहीत असायचा. गाडी धावत असताना प्रत्येक वळण वाचून झालं की ती पेन्सिलीने ओळीपुढे एक टिंब द्यायची, म्हणजे जागा चुकत नाही. गाडी अंगावर येत असेल तर टिंबाचा फराटा व्हायचा. "माझं टिंब जी टिंब राहू देईल, ती गाडी," एवढंच ती म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी निवाडा करायचं ठरलं. पानशेतच्या पलीकडे शुभंकरच्या ओळखीच्या कोणाची तरी टेकडी होती. बंगल्यांचे प्लॉट पाडायचे म्हणून वरपर्यंत डांबरी रस्ता केलेला, बंगले कधी झालेच नाहीत. चार किलोमीटर, फाटकाला कुलूप, ना माणूस, ना गुरं. आधल्या दिवशी अभय आणि आत्याने दोनदा सावकाश जाऊन वळणं लिहून घेतली. स्पर्धा नव्हती. अभयने मला स्वतः सांगितलं, "दहातली सात चालवणार. गाड्या घरच्या आहेत, आत रॅलीच्या गाडीला असतो तसा लोखंडी पिंजरा नाही. काळजी करू नकोस."

मी काळजीच करायला गेले होते. माझ्याकडे वरच्या टोकाला उभं राहून वेळ मोजायचं काम होतं, पण मला घड्याळाशी काही देणंघेणं नव्हतं. आत्या दोन्ही गाड्यांमधून आपल्या पायांनी उतरलेली मला बघायची होती, एवढंच. सकाळी निघताना तिचे हात गार होते. मी म्हटलं, "नको ना जाऊस." ती म्हणाली, "हात गार आहेत म्हणजे सगळं ठीक आहे. गरम झाले तर सांगेन."

साडेसातला खालून इव्हो सुटली.

वर माझ्याबरोबर शुभंकर होता, तो सारखा मोबाइलवर व्हिडिओ घेण्यासाठी जागा बदलत होता. मी कठड्याच्या दगडावर बसून फक्त ऐकत होते. तो चिडका आवाज टेकडीला वळसे घालत वर चढत होता. मधे डोंगराआड गेला की माझा श्वास थांबायचा, परत आला की सुटायचा. तीन मिनिटं आणि काही सेकंद. लाल गाडी समोर येऊन थांबली, आणि डाव्या दारातून आत्या उतरली. आपल्या पायांनी.

मी धावत गेले. तिने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले, चेहरा पांढराफटक, म्हणजे नेहमीचा.

"कशी आहे?" शुभंकरने विचारलं.

"हुशार आहे," आत्या म्हणाली. "वळणात शिरताना नाक असं आत घालते, की अभयने सांगायच्या आधी तिला कळलेलं असतं. पण हे बघा." तिने वही दाखवली. टिंबांचे फराटे झाले होते, सरळ, छोटे, सगळे एका दिशेला. "झटके देते. मला सारखी आठवण करून देते की घाबर."

"मग हे वाईट की चांगलं?"

"माझ्यासाठी चांगलंच," आत्या म्हणाली, आणि अभय हसला.

दोघं खाली गेले. सुबारू घ्यायला. जाताना आत्याने मागे वळून मला हात केला, आणि मी तिचा हात धरून पाहिला नाही, गार आहे की नाही ते.

आठ वाजून चार मिनिटांनी घुडघुड सुरू झाली.

इव्होपेक्षा हा आवाज खालून, जमिनीतून आल्यासारखा येत होता. सुरुवातीला जरा आळसलेला, मग एकदम भरून. शुभंकर म्हणाला, "टर्बो जागा झाला." पहिला वळसा. दुसरा. आवाज एकसारखा चढत होता, कुठे अडखळत नव्हता. मला आठवतं, मला जरा बरं वाटायला लागलं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटं पन्नास सेकंद.

मग टायर ओरडले, आणि एक आवाज आला. मोठा नव्हता. कोणी ट्रंक वरून खाली टाकावी तसा.

आणि घुडघुड थांबली.

शुभंकर म्हणाला, "डोंगराआड गेली असेल." मी वाट पाहिली. खरंच पाहिली. चार सेकंद, पाच सेकंद, आवाज परत यायला हवा त्या जागेकडे कान लावून. एक टिटवी ओरडत गेली. त्यानंतर काहीच नाही. मी धावत सुटले. मागे शुभंकर जीप चालू करून वळवत असल्याचं ऐकू आलं, पण मी थांबले नाही, जणू पायी लवकर पोचेन.

तिथे काय झालं ते अभयने मला नंतर सांगितलं, खांद्याला पट्टा बांधलेला असताना, कॉटवर बसून. त्या रस्त्यावर एक चढाचा माथा होता. माथ्यापलीकडचं काही दिसत नाही, गाडी आधीच वळवून ठेवावी लागते. वहीत होतं, माथा, डावं तीन. त्याच्या आधी ऐंशी मीटर सरळ. आत्याने सरळ वाचलं. आणि त्या ऐंशी मीटरमध्ये, दोन वळणांमधल्या ज्या जागेत तिने अकरा वर्षांत आपणहून एक जास्तीचा शब्द उच्चारला नव्हता, तिथे ती बोलली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

अभयने पट्ट्याची कड ओढली. "ताई खुशीत होत्या गं. आवाजावरून कळत होतं. मी कधी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, 'ही उजवी.'"

ही गाडी जास्त चांगली. एवढंच तिला म्हणायचं होतं. महिनाभर सगळे विचारत होते त्याचं उत्तर. अभयच्या कानाने त्यातला एकच शब्द घेतला आणि तो मेंदूतून डायरेक्ट हातात गेला. माथ्यावर गाडीचं तोंड उजवीकडे होतं, रस्ता डावीकडे. पुढे डावं तीन तिने वाचलं, पण तेवढ्यात चाकं सुटली होती. गाडी आडवी होऊन घसरत गेली आणि डाव्या कुशीने, आत्याच्या बाजूने, कठड्याच्या दगडावर बसली.

परीक्षेच्या पेपरांत मी किती वेळा लिहिलं असेल, अमुक कविता तमुक कवितेपेक्षा उजवी ठरते. आणि मीच तिला सांगितलं होतं की त्यात घोळ नाही.

मी पोचले तेव्हा धूळ अजून खाली बसली नव्हती. अभय बाहेर, रस्त्यावर बसला होता, एक हात दुसऱ्या हाताने धरून. "ताई, ताई," एवढंच म्हणत होता. डावं दार आत दबलं होतं. मी उजव्या बाजूने आत डोकावले.

आत्या आपल्या जागी ताठ बसली होती. रक्त नव्हतं. वही मांडीवर, बोट ओळीवर. आणि ती वाचत होती. बारीक आवाजात, पण स्पष्ट. "उजवं चार. पन्नास. डावं दोन, आत दगड, वळण कापू नको. उजवं पाच, लांब." मी "आत्या" म्हटलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी हलत नव्हती आणि ती एकेक वळण वाचत होती, प्रत्येकापुढे बोटानेच टिंब देत होती, कारण पेन्सिल हातात नव्हती. तेवढी भीती मला आयुष्यात कधी वाटलेली नाही. तिला थांबवावं की नाही, ते मला कळेना. शुभंकर आला, अभयही कसाबसा उठला, आणि आम्ही तिघं दारापाशी उभं राहून तिचं वाचून होईपर्यंत थांबलो. शेवटी ती म्हणाली, "सरळ. शंभर. संपलं." वही मिटली.

मग तिने मला ओळखलं. "अगं, तू इथे कशी? वर होतीस ना?"

"तुला कुठे दुखतंय?"

"दुखत नाही गं. जरा दाटल्यासारखं झालंय." तिचा हात मी हातात घेतला. गरम होता.

मागची सीट आडवी करून आम्ही तिला शुभंकरच्या जीपमध्ये निजवलं. डोकं माझ्या मांडीवर. अभय पुढे बसला, त्याचं खांद्याचं हाड मोडलेलं असूनही तो एकदाही ओरडला नाही. शुभंकर फोनवर कोणाला तरी हॉस्पिटल विचारत होता आणि रस्ता चुकत होता.

"डावं," आत्या डोळे मिटून म्हणाली. "पाणंद ओलांडून डावं. उजवीकडे नदीत जाल."

अभय मागे न बघता म्हणाला, "ताई, चुकलो हो मी."

"तू कुठे चुकलास? तू ऐकलंस ते केलंस," ती म्हणाली. "मधेच बोलायचं नसतं. मीच बोलले." थोड्या वेळाने, जणू तो दुसरा विषय असावा तशी, म्हणाली, "पण गाडी छान आहे रे. मला जराही भीती नाही वाटली."

ओठ पांढरे पडत चालले होते. मी तिच्याशी बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही. पोटात आतल्या आत रक्त जातंय हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारची गर्दी होती, कणसांच्या गाड्या लागलेल्या, जीप मुंगीसारखी सरकत होती. शुभंकर हॉर्नवरून हात काढत नव्हता. पुढे नांदेड फाट्याच्या अलीकडे तिची बोटं माझ्या हातात सैल झाली, आणि हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी फक्त मनगट धरून पाहिलं.

पण ते नंतर. चौपाटीच्या त्या गर्दीत तिने एकदा नीट डोळे उघडले. खिडकीबाहेरच्या माणसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कपाळाला आठी घातली, घरातली तीच, गॅसचा वास आल्यासारखी.

"दीक्षा," ती म्हणाली, "सकाळी निघताना दूध फ्रिजमध्ये ठेवलंस का गं?"